चिंचेनं घासलेलं जपानी पिस्तूल

सोलापूर मला पहिल्यांदा टोचलं ते भाकरीनं. अव्वांनी ताटात कडक भाकरी ठेवली, ज्वारीची, पापडासारखी वाळलेली. मी पेजेवर वाढलेली मुलगी, ती हातानं मोडायला गेले तर तुकडा उडाला आणि थेट आप्पांच्या दह्याच्या वाटीत जाऊन पडला. आप्पांनी वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली, तुकडा शोधला आणि म्हणाले, "यव्वा, बंदुकीचं दुकान आमचं, आन् गोळ्या तू झाडतीस व्हय?" सगळे हसले. मी मात्र रडायच्या बेताला आले होते, कारण परक्या घरी पहिल्याच जेवणाला आपल्या हातून चूक झाली की आपल्याला परत पाठवतात, असं मला का कोण जाणे पक्कं वाटत होतं. त्या घरात मला पुढे कुणी एकदाही परत जा म्हटलं नाही. पण ती भीती काही गेली नाही. आजही दारावरची बेल वाजली की आधी मनात येतं, काय चुकलं आपलं?

माझं गाव खाडीकाठी, मालवणच्या बाजूला. शाळा खाडीपलीकडे होती. मी आठवीत ती सोडली. सोडली म्हणजे काय, होडीचं भाडं आणि धाकट्या भावंडांचं जेवण यांच्या मधे ती आपोआप मागे राहिली. आई मासे विकायची. आमच्या आरोग्य केंद्रात सोलापूरच्या एक नर्स होत्या, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्यांची बदली झाली तेव्हा त्या आईला म्हणाल्या, "माझे आई-वडील, अव्वा-आप्पा, घरी दोघंच असतात. अव्वाला सोबत हवीय. पोरीला पाठव. लेकीसारखी ठेवतील." आईनं मला वाळवलेल्या बांगड्यांची पुडी बांधून दिली. ती पुडी मी कुर्डुवाडीच्या फलाटावर टाकून दिली, कारण घर लिंगायतांचं, शाकाहारी, हे अक्कांनी गाडीत सांगितलं. तो वास मात्र माझ्या पिशवीला पुढे कित्येक महिने येत राहिला आणि मी ती पिशवी उशाशी घेऊन झोपायची.

गाज नसली की मला झोप यायची नाही. पण आप्पांच्या घरामागच्या गल्लीत विणकरांची घरं होती. तिथे तेलुगू बोलणारे लोक पहाटेपासून माग चालवायचे, आणि तो खटक-खट, खटक-खट आवाज काही दिवसांनी माझ्या कानात समुद्राच्या जागी जाऊन बसला. घरात अव्वांचा उखळीतला आवाज. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं. शेंगाची चटणी त्या इतकी कुटायच्या की दाण्यांचं तेल सुटून ती मुठीत गोळा व्हायची. अव्वा मराठीत बोलायला लागायच्या आणि अर्ध्यात कन्नडमध्ये शिरायच्या. रागावल्या की पूर्ण कन्नड. मला कन्नड कळायला लागलं ते त्यांच्या शिव्यांपासून.

पुढच्या खोलीत दुकान. बंदुकीचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं. तिथे यायचे ते शेतकरी, रानडुकरांपायी बंदुकीचा परवाना घेतलेले. चाप अडकला, दस्ता फुटला, नळीत गांधीलमाशीनं घर केलं. आप्पा ते दुरुस्त करायचे. पण आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. बंदुकीवरचे नंबर परवान्याशी पडताळावे लागतात आणि ते त्यांना दिसेनात. एकदा मी चहा द्यायला गेले तेव्हा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "वाच बघू." मी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. हळूहळू माझं बसणं स्वयंपाकघरातून दुकानात सरकलं. अव्वा कुरकुरल्या, पण चहा त्यांनी स्वतः आणायला सुरुवात केली. हे त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

आणि मग उन्हाळ्यात दुकानातल्या फोनवर माझ्या मामाचा निरोप आला. स्थळ बघितलंय. पोरगी तिथे भांडीच घासते ना, मग ती इथे येऊन घासेल. महिनाअखेरीला गाडीत बसवा. आप्पा फोनवर "बघतो, बघतो" एवढंच म्हणाले. संध्याकाळी मला म्हणाले, "मामाचं चुकत न्हाई. मी त्यांना काय सांगू? पोरगी हितं काय करती? भिंगातून आकडे वाचती, हे काय सांगायचं काम हाय? तुझ्या हातात धंदा आला म्हणून सांगता आलं पायजे." पहाटे माग सुरू झाले तेही मला ऐकू आले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी सरूबाई आल्या, सांगोल्याकडच्या एका वाडीवरून. डोक्यावर पदर, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, आणि अव्वांसाठी चार डाळिंबं. त्यांचा सासरा मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात होता. तिथून येताना त्यानं एक जपानी पिस्तूल आणलं होतं. त्याच्या मागे मुलाच्या नावावर परवाना झाला, आणि आता तो मुलगाही, म्हणजे सरूबाईंचा नवरा, वारला होता. अशा वेळी हत्यार दुकानात जमा करायचं आणि परवाना असलेल्या माणसालाच विकायचं, असा कायदा. सरूबाईंनी टॉवेल सोडला.

मी तोपर्यंत इतकं चकचकीत हत्यार बघितलं नव्हतं. देव्हाऱ्यातल्या समईसारखं. माझ्या तोंडून "बाप रे" निघालं आणि सरूबाई खूश झाल्या.

आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, हे घासलंय कुणी?"

"आमीच की. दर खंडेनवमीला. चिंच लावायची, वरनं राख. तांब्याला लावतो तशी. सासू घासायची, मग मी घासाय लागले. मग हळद-कुंकू. हितं आणायचं म्हणून काल परत घासलंय, लई चमकतंय का न्हाय?"

"चमकतंय," आप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या गेल्यावर त्यांनी मला समजावलं. बंदूक वापरायला घेणारा ती चालते का हे बघतो. ह्या पिस्तुलाच्या गोळ्या कुठे मिळतच नाहीत, तेव्हा ते घेणार तो शौकीन, आणि शौकिनाला नवं चमकणारं नको असतं. कारखान्यातून निघताना लोखंडावर जी काळसर निळी झाक होती ती त्याला हवी असते. ती चिंचेनं खाल्ली होती. पुण्याच्या एका इनामदार साहेबांना असल्या जुन्या हत्यारांचा नाद होता. त्यांना आप्पांनी फोन लावला. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "भाव तू ठरवायचा. माझ्या डोळ्यांनी न्हाई जमणार. दोघांनी मान्य केला, आन् दोघंही दुकानातनं हसत गेले, तर मी मामाला काय सांगायचं ते सांगतो."

हल्ली लोक मला फोनवर फोटो पाठवतात. आजोबांची तलवार, काकांची दुर्बीण, काय येईल हो याचं? मी आधी एकच विचारते, घासलंय का? समोरचा हमखास अभिमानानं सांगतो, हो तर, ब्रासो लावून! मी डोळे मिटते आणि मला सरूबाई दिसतात.

इनामदार साहेब येईपर्यंतचे दिवस मी त्या पिस्तुलाच्या संगतीत काढले. आप्पांनी ते उघडायला शिकवलं. आत, जिथे सरूबाईंच्या सासूची चिंच पोचली नव्हती, तिथे ती झाक जशीच्या तशी होती, पावसाळी ढगाच्या पोटासारखी. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी "आप्पाऽ" अशी ओरडले की अव्वा उखळ सोडून धावत आल्या, गोळी सुटली की काय म्हणून. मग नंबर. पिस्तुलाच्या उजव्या बाजूला पूर्ण नंबर होता आणि त्याचे शेवटचे तीन आकडे आतल्या एकेका बारीक भागावर ठोकलेले. गोळ्यांच्या मॅगझीनवरसुद्धा तेच. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेलं सगळं कुटुंब एकत्र राहिलं होतं, कुणी हरवलं नव्हतं, कुणी परकं आत आलं नव्हतं. मला त्याचा इतका आनंद का झाला हे तेव्हा कळलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. मुठीला दोन्ही अंगांना लाकडी फळ्या होत्या, आडव्या रेघा कोरलेल्या. उजवीवरच्या रेघा यंत्रानं पाडल्यासारख्या, डावीवरच्या जवळजवळ तशाच. पण भिंगाखाली त्या जरा डुलत होत्या. मी ती फळी काढून नाकाशी नेली, हातावर घासली, पुन्हा नाकाशी नेली. आमच्या चुलीत अव्वा जळण घालायच्या तोच वास. बाभूळ! जपानात बाभूळ असते की नाही हे मला ठाऊक नव्हतं, पण हे लाकूड सांगोल्याचं आहे एवढी माझी खात्री झाली. आप्पांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काय करायचं ते ठरवलं असतं, आणि ठरवायचं तर मला होतं.

इनामदार साहेब आले ते हातात चित्रांचं जाड पुस्तक घेऊनच. गोरे, घामाघूम, लहान मुलासारखे उत्सुक. सरूबाई आधीच येऊन भिंतीशी बसल्या होत्या. साहेबांनी पिस्तूल बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरेरे, अरेरे! कुणी केलं हे पाप?"

"पूजा केली, पाप कशाला?" सरूबाई फटकन म्हणाल्या. "तुमी घरी करत न्हाय व्हय?"

साहेब चपापले आणि मग मोठ्यांदा हसले. त्यांनी पुस्तक उघडून मला चित्रं दाखवली. चापाभोवतीची कडी एवढी रुंद का, तर चीनच्या थंडीत हातमोजे घातलेलं बोट आत जावं म्हणून. नंबराजवळचं बारीक चिन्ह आणि आकडे म्हणजे त्यांच्या राजाच्या कारकिर्दीतलं वर्ष, त्यात पंचवीस मिळवले की इंग्रजी सालाचे शेवटचे दोन आकडे निघतात. ते बोलत होते आणि मी विसरूनच गेले की आम्ही दोघं एका भावाच्या दोन बाजूंना आहोत.

आता भावाची पद्धत सांगायला हवी. आप्पांचे वडील बैलबाजारात दलाल. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर टॉवेल टाकतात आणि त्याखाली बोटं धरतात. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. शेकडे की हजार तेवढं आधी ठरवायचं. आप्पांनी ही रीत दुकानात आणली होती, कारण बंदुकीचा भाव तोंडानं बोलला की तो गावभर होतो आणि त्यामागून चोर येतात, असं त्यांचं म्हणणं. साहेब हे ऐकून खुर्चीच्या टोकाला आले. "वा! मला पाहिजे हे. पण एक बोट म्हणजे किती?"

"एक बोट म्हंजे एक शेळी," सरूबाई म्हणाल्या. "मला शेळ्याच घ्यायच्यात. सासऱ्यानं आणलेलं लोखंड घरात ठिवून काय करू? नातवंडं खेळत्यात, जीव टांगणीला. शेळी दूध तरी देती." शेळीचा बाजारातला भाव आम्हां तिघांना ठाऊक होता, साहेबांना आप्पांनी सांगितला. एकक ठरलं.

माझा उजवा हात टॉवेलाखाली आप्पांच्या हातात. आप्पांचा दुसरा हात दुसऱ्या टॉवेलाखाली साहेबांच्या हातात. आणि बायकांत टॉवेल कशाला, म्हणून सरूबाईंनी माझा डावा हात सरळ आपल्या पदराखाली ओढला. अशी चौघांची साखळी झाली आणि दुकान एकदम गप्प. मागच्या गल्लीत तेवढे माग. तेवढ्यात अव्वा चहाचं ताट घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. चहासाठी हात सोडायला कुणीच तयार नाही. "इदेन आट?" त्या म्हणाल्या, म्हणजे हा काय खेळ, आणि ताट काउंटरवर आपटून तिथेच उभ्या राहिल्या.

पदराखाली सरूबाईंनी माझी चार बोटं धरली. चार शेळ्या. त्यांना तेवढंच हवं होतं. त्याच वेळी उजवीकडून आप्पांचा पंजा माझ्या पंजावर आला. साहेब पाच द्यायला तयार. घेणारा मागणारीच्या पुढे! मी नुसतं डावीकडे पाचचा पंजा दाबला असता तरी सौदा झाला असता, दोघंही हसत गेले असते आणि आप्पांची अट पुरी झाली असती. मी दाबला नाही. कारण माझ्या मनातला आकडा पाच नव्हता. घासलेलं धरून, खोटी फळी धरून, तो आठ होता. पण हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी कोण?

सरूबाईंना बहुधा वाट बघून कंटाळा आला. त्यांनी मोकळ्या हातानं मांडीवर आपली तंबाखूची पिशवी घेतली आणि झाकण वर केलं. ती पिशवी नव्हती. जाड तपकिरी चामड्याची, कासवाच्या पाठीसारखं फुगीर झाकण, त्याला पट्टा. आत्ताच मी हे बघितलं होतं, साहेबांच्या पुस्तकात, पान उलटताना, ह्याच पिस्तुलाचं कमरेला लावायचं घर म्हणून. काउंटरच्या आडोशामुळे साहेबांना त्यांची मांडी दिसत नव्हती. माझ्या छातीत यंत्रमाग सुरू झाला.

मी दोन्ही हात ओढून घेतले. साखळी तुटली. भाव चालू असताना हात काढणं म्हणजे बैलबाजारात भांडणच. आप्पांनी अंधूक डोळ्यांनी माझ्याकडे मान वळवली. "यव्वा?"

"मी तोंडानं बोलते," मी म्हणाले. "साहेब, डाव्या अंगाची फळी जपानी नाही. बाभळीची आहे."

आप्पांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सरूबाई म्हणाल्या, "अगं बया! तुला कुणी सांगितलं? म्हशीनं पाय दिला हुता तिच्यावर. सुताराकडनं करून घेतली. कुणालाच कळली न्हाय आजवर."

"आणि सरूबाई," मी त्यांच्याकडे वळले, "ही तुमची तंबाखू कशात आहे ते साहेबांना दाखवा."

"ही? ही सासऱ्याची चंची. ते मेल्यावर मी वापरते. चुन्याची डबी नीट बसती हिच्यात."

त्यांनी ती काउंटरवर ठेवली. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी झाकण उघडलं, तंबाखू हळूच कागदावर काढली, चुन्याची डबी काढली आणि आतल्या एका चिंचोळ्या कप्प्यात करंगळी घातली. तंबाखूच्या भुकटीतून खिळ्याएवढी एक पोलादी कांडी बाहेर आली. पिस्तुलाची जादा पिन. जपानी शिपाई ती तिथेच ठेवायचा, आणि ती तेव्हापासून तिथेच होती. सरूबाईंच्या तंबाखूनं तिला गंजसुद्धा चढू दिला नव्हता. "हे सापडत नाही," साहेब कुजबुजल्यासारखे म्हणाले. "अहो, पिस्तुलं सापडतात, हे नाही सापडत!" आणि मग त्यांनी तो वास घेतला आणि जोरात शिंकले, आणि अव्वांसकट आम्ही सगळे हसत सुटलो.

हसणं थांबल्यावर साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "फळीचं मी आल्याआल्या ओळखलं होतं. तुम्ही लोक सांगता का, ते बघत होतो."

"आन् तरी गप बसला?" आप्पा गरजले.

"सौदा करायला आलोय, आप्पा, कीर्तनाला नाही." ते टॉवेलाकडे हात नेत म्हणाले, "बसा परत. आता मुलगी सांगेल तो आकडा."

पुन्हा टॉवेल पडले. ह्या वेळी कुणी मला बोटं दिली नाहीत. दोन्ही बाजूंचे हात माझ्या हातात नुसते उघडे पडले होते. मी आधी डावीकडे, मग उजवीकडे, तोच आकडा दिला. पंजा. पुन्हा पंजा. आणि दोन बोटं. बारा. सरूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं, त्यांना वाटलं माझी मोजणी चुकली. मी पुन्हा दाबलं. उजवीकडून आप्पांनी तेवढाच काळ घेतला जेवढा साहेबांना लागला, आणि मग माझा हात घट्ट धरून एकदा हलवला. झालं!

"बारा?" सरूबाई न राहवून ओरडल्या आणि सगळी गुप्तता गल्लीत गेली. "बारा शेळ्या? बोकड बी घेते की मग!" चंचीतली तंबाखू ठेवायला आता काही नव्हतं, म्हणून अव्वांनी त्यांना चटणीचा एक रिकामा डबा दिला. पुढे त्या एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तंबाखूला अजून लसणाचा वास येतो.

साहेब परवानगीचे कागद होईपर्यंत पिस्तूल आमच्याकडेच ठेवून गेले. जाताना मला म्हणाले, "हे कृपा करून घासू नका." सरूबाई एसटी स्टँडकडे गेल्या. दुकानात आम्ही दोघंच उरलो. चहा गार झाला होता. आप्पा टॉवेलांच्या घड्या घालत होते आणि मी माझ्या चुका मोजत होते. भाव चालू असताना हात काढला होता मी. बोलू नये ते बोलले होते.

"मामाला फोन लावायचा हाय," ते शेवटी म्हणाले. "पोरगी दुकानात भाव ठरवती म्हणून सांगतो. पण तो पगार विचारंल. आधी तुझा भाव ठरू दे. महिन्याचा, शेकड्यात." आणि त्यांनी टॉवेल झटकला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला.

पगार? जिथे जेवते, झोपते, तिथे? मी टॉवेलाखाली हात नेला आणि बाकीची बोटं मिटून एकच बोट त्यांच्या तळव्यावर टेकवलं. तेही जास्त होईल की काय असं वाटत होतं. आप्पांनी ते धरलं नाही. मग, ज्या हातांनी ते अडकलेले चाप सोडवायचे त्याच हातांनी, त्यांनी माझी मिटलेली बोटं चाचपली आणि टॉवेलाखालीच, एकेक करून, उघडली.